वडील ‘तुम्ही’ म्हणू लागतात तेव्हा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, तिच्यामागे एखादे दुखणे असू शकेल असा संशयही मनाला शिवत नाही. म्हातारपणी माणूस विसरतो, तेच तेच बोलतो, चिडतो, रात्री-अपरात्री उठून बसतो. आणि आपण ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून मोकळे होतो. वैद्यकशास्त्र ज्याला डिमेन्शिया म्हणते आणि मराठीत ज्यासाठी स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे, त्या विकाराची ओळख आपल्या समाजाला या म्हणीपलीकडे फारशी झालेली नाही. स्मृतिभ्रंश हा शब्दही तसा अपुराच होय. या विकारात केवळ स्मृती जात नाही; आज गेलेली गोष्ट उद्या अवचित परत येते आणि परवा पुन्हा नाहीशी होते. घरच्या माणसांना खचविते ते हे येणेजाणे.

स्वतःच्या घरातील गोष्टी वर्तमानपत्रात मांडू नयेत असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. येथे मात्र तो थोडा मोडावा लागत आहे. प्रस्तुत लेखकाचे वडील वनखात्यात लिपिक होते. आलापल्ली आणि बल्लारशाह येथील लाकूड-आगारांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. सागाच्या नगाची लांबी-गोलाई ऐकताच त्याचे घनमाप मनातल्या मनात काढण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. आज ऐंशीच्या घरात असलेले हेच गृहस्थ सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, आणि सायंकाळी त्याच वर्तमानपत्राची घडी ‘टपालात घालावयाची आहे’ म्हणून उशीखाली ठेवतात. कधी मध्यरात्री उठून लाकडावर खुणा मारण्याचा हातोडा शोधू लागतात. सरकारी हातोडा हरवला तर नोकरी जाईल ही भीती निवृत्तीनंतर वीस वर्षे उलटली तरी त्यांच्या मनातून गेलेली नाही. त्यांच्या लेखी 1964 साली चंद्रपूर झालेला चांदा अजून चांदाच आहे, आणि 1982 चे जिल्हाविभाजन झालेलेच नसल्याने गडचिरोली ही एक तहसील आहे. (रेल्वेच्या चांदा फोर्ट स्थानकाने मात्र अजून त्यांची बाजू सोडलेली नाही.)

आमच्या घरी या विकाराचे मोजमाप एका सर्वनामावरून होते. सकाळी ‘तू अजून कॉलेजला निघाला नाहीस?’ असे विचारणारे वडील दिवेलागणीला ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ असे मला अदबीने विचारतात. माझ्या पत्नीला ते कधी सूनबाई म्हणतात, तर कधी आपली दिवंगत थोरली बहीण समजून ‘बाई’ अशी हाक मारतात. ‘तुम्ही’ची वेळ कोणती, हे मात्र ठरलेले नाही. चार दिवस ‘तू’ टिकला की आम्हांला आशा वाटू लागते, आणि पाचव्या दिवशी सकाळीच ‘तुम्ही’ येऊन उभा राहतो.

अर्थशास्त्राच्या वर्गात मी वर्षानुवर्षे फ्रँक नाइट शिकवीत आलो आहे. 1921 च्या आपल्या ग्रंथात त्याने जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्या धोक्याची संभाव्यता मोजता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो. जिची संभाव्यता मोजताच येत नाही ती अनिश्चितता. हा भेद मी फळ्यावर दोन रकान्यांत लिहून देत असे. तो घरात कसा दिसतो हे गेल्या तीन वर्षांत कळले. प्रारंभी मी शिक्षकी पेशाला साजेल असा मार्ग धरला. चूक दिसली की दुरुस्त करावयाची. ‘बाबा, तुम्ही निवृत्त झालात. हातोडा आता तुमच्याकडे नाही.’ ही वार्ता त्यांना प्रत्येक वेळी नवी असे आणि प्रत्येक वेळी तेवढीच लागे. एकदा त्यांनी हातातील पेला भिरकावला, एकदा लहान मुलासारखे रडले. अखेर पत्नीने वाट काढली. विजेच्या बिलाचा एक जुना कागद पुढे करून ती म्हणाली, ‘साहेबांनी हातोडा जमा करून घेतला, ही पावती.’ वडिलांनी कागद निरखून पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि ते झोपले. नोकरीच्या उभ्या काळात एकही खोटी पावती न फाडलेल्या माणसाला आम्ही आता रात्री खोटी पावती दाखवितो. हे असत्य क्षम्य आहे की नाही याचा निवाडा नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी करावा. मला एवढेच दिसते की, त्यांची भीती खरी असते आणि ती पावतीने शमते.

सारेच बदल मात्र असे मुकाट्याने स्वीकारावयाचे नसतात. गतवर्षी मे महिन्यात, चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर असताना, दोन दिवसांत वडील पार बदलले. गुंगी, असंबद्ध बडबड, हवेत काहीतरी धरण्याचा प्रयत्न. नातलगांनी ‘आता दुखणे वाढले’ असे म्हणून निरवानिरवीची भाषा सुरू केली. प्रत्यक्षात मूत्रमार्गाला संसर्ग झाला होता आणि पोटात पुरेसे पाणी नव्हते. उपचारानंतर काही दिवसांत ते पूर्वीच्या स्थितीला, म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या येरझाऱ्यांपर्यंत, परत आले. स्मृतिभ्रंश महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बदलला, तर त्यामागे बहुधा दुसरे कारण असते : संसर्ग, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे, मलावरोध, एखादे नवे औषध. अशा वेळी डॉक्टरांकडे त्वरित जावयास हवे. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात तापाबरोबर भ्रम दिसला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी. म्हातारपण म्हणून सोडून देण्यात जीव जाऊ शकतो.

दुसरी धास्ती दाराची. सायंकाळी ही माणसे अस्वस्थ होतात आणि ‘घरी जातो’ म्हणून घरातून बाहेर पडतात. पुण्या-मुंबईत अशा वृद्धाला वाहनांचे भय. आमच्याकडे दुर्गापूर-ऊर्जानगरच्या वस्तीपर्यंत बिबट्या आणि वाघ येतात. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीच्या खेड्यांत मोहफुले वेचावयास पहाटे गेलेली धडधाकट माणसे वाघाने मारली आहेत. तेथे वाट विसरलेल्या म्हाताऱ्याचे काय होईल? मजुरीला जाताना एखाद्या सुनेने बाहेरून कडी घातली, तर तिला निर्दय ठरविण्याचा अधिकार निदान मला तरी वाटत नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख, व्यक्तींना हा विकार आहे. आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. शासनाने यासाठी काय योजले? 2007 च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली. निराधार वृद्धांना राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून दरमहा पैसे मिळतात. 2023 साली ही रक्कम 1500 रुपये झाली. योजनेचे नाव मोठे भावपूर्ण आहे. श्रावणबाळाचे आईवडील आंधळे होते, पण कावड कोण वाहतो आहे हे त्यांना ठाऊक होते. येथे प्रश्न पैशाचा आहेच. पण त्याहून अधिक तो मनुष्यबळाचा आहे. रात्री जागणे, कपडे बदलणे, दार राखणे हे सारे श्रम घरातील स्त्री करते, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्यांची नोंद शून्य. मी स्वतः सकाळी कॉलेजात निघून जातो, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या संदर्भात गोव्यातील एक प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती असलेली 81 कुटुंबे त्यासाठी निवडली होती. त्यांपैकी निम्म्या घरी डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने जात राहिल्या. विकार म्हणजे काय, चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे, सांभाळणाऱ्याने विसावा कसा घ्यावा, हे त्यांनी सांगितले. रुग्णांच्या विकारात निर्विवाद म्हणावा असा फरक पडला नाही. पण सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. काहींना हे यश तोकडे वाटेल. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना वाटणार नाही.

आणि ही पद्धत आमच्या भागाला परकी नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे तीच रीत देशभर गेली. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी जे घरोघरी पोहोचविता आले, ते आयुष्याच्या अखेरच्या वर्षांसाठी का पोहोचविता येऊ नये? आशांवर आधीच कामाचा बोजा आहे. म्हणून यासाठी वेगळी, वेतन मिळणारी माणसे नेमावयास हवीत. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवरील नागपूरचे तज्ज्ञ वर्षातून एक-दोनदा पुरेत. आठवड्यातून दोन दिवस तासभर येऊन बसेल, वडिलांच्या तोंडून सागाची मापे ऐकून घेईल, असे माणूस मात्र गावातच हवे.

माझ्या पत्नीचे माहेर वडसा येथे आहे. चांदा फोर्टहून सकाळी गाडीत बसले की दुपारच्या आत पोहोचता येते. गेल्या तीन वर्षांत तिने तेथे एकही रात्र काढलेली नाही. दिवाळीत ती जाऊन आली, पण सायंकाळच्या आत परतली. दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनी तिला विचारले, ‘बाई, इतका उशीर का केलास?’