तापमान ओळखणारी शाई

घरात मूल कण्हू लागले की आई प्रथम त्याच्या कपाळावर हात ठेवते. ताप आहे एवढे हाताला कळते. किती आहे, हे थर्मामीटर सांगतो. पण बंद खोक्यातून शेकडो मैल प्रवास करणाऱ्या लसीला किंवा आंब्याला ऊन बाधले, तर ते कोणाला कळणार? आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत आकडेमोड करणारे. तरीही हा विषय आपल्या जिल्ह्याच्या पोटापाण्याशी निगडित असल्याने तो सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे मांडावासा वाटला.

पोलिओ लसीच्या कुपीवर एक वर्तुळ व त्यात फिकट चौकोन असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होतो. त्याचा रंग वर्तुळाइतका झाला की ती लस वापरायची नाही. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर ही खूण येऊ लागली. निव्वळ एका छापील ठिपक्याने केवढे काम केले! मात्र तिच्यात दोन उणिवा आहेत. उष्णता केव्हा व कोठे लागली हे ती सांगत नाही, आणि अतिथंडीची नोंद घेत नाही. आरोग्य केंद्रात लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. ब प्रकारच्या काविळीची किंवा धनुर्वाताची लस गोठली तरीही निकामी होते, आणि दर्शकाचा चौकोन मात्र फिकटच राहतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी छापील तापमान संवेदक तयार होत आहेत. काही पदार्थांतून वीज किती सहज वाहते हे तापमानावर अवलंबून असते. धातू तापला की त्याचा विरोध वाढतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाचा सहसा कमी होतो. हा विरोध मोजला की तापमान कळते. जुन्या पद्धतीचे असे संवेदक भट्टीत भाजून करावे लागतात. कागद किंवा प्लॅस्टिक भट्टीत कसे घालणार? म्हणून पदार्थाचे अतिसूक्ष्म कण करून त्यांची शाई बनवतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. हे कण काही नॅनोमीटरपासून शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंतचे. लग्नपत्रिका छापतात तशाच स्क्रीन प्रिंटिंगने ही शाई कागदावर उमटवता येते. वाळल्यावर कणाला कण भिडतो व वीज पुढे सरकते.

दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन विद्यापीठातील डेव्हिड ब्रिटन व मार्गिट हार्टिंग यांनी सिलिकॉनच्या अशा शाईवर संशोधन केले आणि २०१० मध्ये त्यातून पीएसटी सेन्सर्स ही कंपनी उभी राहिली. आपल्याकडे १९९० मध्ये स्थापन झालेल्या व पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-मेट या संस्थेत इलेक्ट्रॉनिक पदार्थांवर संशोधन चालते.

प्रयोगशाळेत एक नमुना चालणे वेगळे आणि बाजारात लाखभर नग विकणे वेगळे. प्रत्येक नगाने एकच आकडा दाखवला पाहिजे. कागद वाकला किंवा दमट हवा लागली तरी उत्तर बदलता कामा नये. आपल्या कोकणचा पाऊस ही त्याची खरी परीक्षा. जोडणीच्या रेषांना चांदीची शाई लागते, ती महाग. शिवाय संवेदक फक्त त्या क्षणाचे तापमान सांगतो. नोंद ठेवायला चिप व वीज हवी. हे सारे बसवूनही किंमत पेटीला परवडली पाहिजे.

आमच्या काउंटरवर बागायतदार सांगतात, पेटी येथून चांगली गेली, पण बाजारात फळ खराब निघाले. दोष तोडणीचा, गाडीचा की गोदामाचा, हे सिद्ध होत नाही. रक्कम मात्र त्याच्याच पट्टीतून कापली जाते. युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटे ठेवतात. पाणी कमी तापले तर फळमाशीची अळी जगते, जास्त तापले तर फळ भाजते. अशा व्यवहारात शब्दापेक्षा नोंद मोलाची.

साखळीत कोठेही चूक होवो, तिचे फळ शेवटच्या टोकाच्या माणसाला भोगावे लागते. त्यात लहान बागायतदार येतो आणि दूरच्या वाडीतले मूलही येते. त्याच्या हाती पुरावा देणारे साधन म्हणून या शाईचे महत्त्व. विद्यार्थी मित्रांनो, या कामाला रसायनशास्त्र लागते, इलेक्ट्रॉनिक्स लागते आणि छपाईचा हातही लागतो. तुमच्यापैकी कोणी या वाटेला गेले, तर आमच्यासारख्या आकडेमोड करणाऱ्यांना त्याचा अभिमानच वाटेल.