हॉटेलातले टेबल आणि घटनेचे कलम १५

शहरातले नामांकित हॉटेल म्हटले की पुरवण्यांतून चव, दर आणि सजावट यांच्यावर रकानेच्या रकाने भरतात. पण त्या टेबलाशी बसण्याचा हक्क कोणी आणि कसा मिळवून दिला, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून आम्ही लिहितो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि ‘सत्यसुधारक हॉटेल’ उभे राहिले. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सवर्णांनाही पाजू लागले. राजाच पितो म्हटल्यावर नाही म्हणण्याची कोणाची छाती होती?

पण प्रत्येक गावाला शाहू राजा लाभत नाही. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली समता राजाबरोबरच संपते. बाबासाहेबांनी ती घटनेत आणली. कलम १५(२) सांगते की, जातीच्या कारणावरून कोणालाही दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत मज्जाव करता येणार नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अशी मनाई हा गुन्हा ठरवला. हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हाच. १९७६ पासून हाच कायदा ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ म्हणून ओळखला जातो. कपबशीचा उल्लेख कायद्यात का करावा लागला, याचा विचार चवीवर लिहिणाऱ्यांनी एकदा तरी करावा.

मुंबईच्या काळा घोडा भागात वेसाइड इन नावाचे उपाहारगृह होते. तिथल्या एका टेबलाशी बसून बाबासाहेबांनी घटनेच्या मसुद्याचे काही काम केले, असे सांगितले जाते. पुढे कवी अरुण कोलटकरही तिथे बसत. आज ते उपाहारगृह उरलेले नाही. १९०४ सालचे क्यानी आणि १९२३ सालचे ब्रिटानिया मात्र मुंबईत नावारूपाला आले. इराण्याच्या हॉटेलात सर्व काळ सर्वत्र समताच होती, असा आमचा दावा नाही. पण एका चहावर तासभर बसू देणाऱ्या या हॉटेलांनी गिरणी कामगारापासून कार्यकर्त्यापर्यंत अनेकांना शहरात हक्काची खुर्ची दिली, हे नाकारता येणार नाही.

मग आज प्रश्न मिटला का? २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या खानावळीतील काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याचा निषेध केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने ‘शुद्ध शाकाहारी’ ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातील वेगळे कामगार जाहीर केले. टीकेची झोड उठताच दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते!

आमचे भांडण शाकाहाराशी नाही. कोणी काय खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्या समाजातही शाकाहारी आहेत. आमचे भांडण आहे ‘शुद्ध’ या शब्दाशी. एकाला शुद्ध म्हटले की शेजारचा आपोआप अशुद्ध ठरतो. जात विचारायची सोय उरली नाही, म्हणून आता ताट विचारले जाते. पाटी नवी असली तरी दुकान जुनेच आहे.

आपल्या शिकलेल्या, कमावत्या तरुणांनी शहरातल्या हॉटेलात अवश्य जावे, ताठ मानेने बसावे, हवे ते मागवावे. पण बिल देताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या खुर्चीची किंमत महाडला लाठ्या खाणाऱ्यांनी आधीच चुकवली आहे. आणि कोणी टेबल वेगळे करू लागला, तर मुकाट्याने उठून येऊ नये. कलम १५ आपल्या खिशात आहे.

जय भीम!