वहीचे पहिले पान आणि मनाची भावना

दिवाळीच्या वहीपूजनात अनेक जैन व्यापारी घराण्यांत नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले जाते, 'श्री'ची उतरंड रचली जाते आणि त्याखाली काही नावे लिहिली जातात. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य, बाहुबलीचे बळ या घराला लाभो, अशी ही मागणी असते. ही रीत मुख्यतः श्वेतांबर परंपरेतील. मात्र त्यातील गौतम गणधर आणि बाहुबली दिगंबरांनाही तितकेच वंदनीय आहेत. सकारात्मक विचार, शुभ संकल्प आणि आत्मसूचना यांवर आज शिबिरे भरतात, पुस्तके खपतात, सकाळी उठल्याबरोबर भ्रमणध्वनीवर सुविचारांची रांग लागते. हे सारे परदेशातून आले असे समजणाऱ्यांनी घरातल्या वहीचे पहिले पान पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे.

त्या नावांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. शालिभद्राच्या वैभवाला सीमा नव्हती. तथापि राजा श्रेणिक आपला स्वामी आहे, आपल्यावरही कोणी धनी आहे, हे कळताच त्याचे मन त्या वैभवावरून उडाले आणि त्याने दीक्षा घेतली. अभयकुमाराने मगधाचे मंत्रिपद सोडले. बाहुबलीने तर जिंकलेले राज्य जिंकल्या क्षणी टाकले. जमाखर्चाच्या वहीवर पूर्वजांनी नावे लिहिली ती कमावणाऱ्यांची आणि कमावलेले सोडू शकणाऱ्यांची. केवळ 'धन वाढो' एवढेच म्हणायचे असते तर कुबेराचे नाव पुरेसे होते.

आधुनिक काळात या विषयाला चालना दिली ती फ्रान्समधील एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधविक्रेत्याने. त्र्वा गावातील आपल्या दुकानात औषध देताना त्याच्या गुणाविषयी दोन आश्वासक शब्द बोलले तर रुग्णाला अधिक उतार पडतो, असे त्याच्या लक्षात आले. पुढे नान्सी येथे त्याने आत्मसूचनेची पद्धत शिकवली. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य सकाळी उठताना व रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचे, आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हाती धरायची. एकशे आठ मण्यांची माळ ओढणाऱ्या आजीला यात नवल वाटले नसते.

परंतु प्रत्येक वाक्य प्रत्येकाला मानवत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःविषयी आधीच हीन भावना असलेल्या व्यक्तींना 'मी प्रेमास पात्र आहे' अशा अर्थाचे वाक्य वारंवार म्हणायला लावले, तेव्हा त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिकच वाईट वाटले. कारण उघड आहे. ओठ एक सांगतात आणि मन आतून त्याचा हिशेब तपासते; ताळा जुळला नाही की ती तफावतच टोचू लागते. मोंढ्यातल्या ज्या दुकानदाराची उधारी अडकली आहे, कॅश क्रेडिटची मर्यादा संपली आहे, त्याने आरशासमोर उभे राहून 'मी अत्यंत श्रीमंत आहे' असे शंभर वेळा म्हटले, म्हणून शिल्लक वाढत नाही. उलट, वसुलीसाठी करावयाचे दोन दूरध्वनी तेवढे लांबणीवर पडतात. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटे लिखाण, मोजले आहे. वहीतली खोटी नोंद जर दोष असेल, तर मनाच्या वहीत रोज लिहिलेली खोटी नोंद निर्दोष कशी मानावी?

जैन परंपरेतील भावना येथेच वेगळी ठरते. वैद्यकात हा शब्द आजही कामाचा आहे: चूर्णाला औषधी रसाची भावना देतात, म्हणजे रस घालून ते पुन्हा पुन्हा खलतात, वाळवतात, पुन्हा खलतात. असे केल्याने तो रस कणाकणात मुरतो. मनाच्या बाबतीत मुरवायचे काय, हेही तत्त्वार्थसूत्राने सांगून ठेवले आहे. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी करुणा आणि जे ऐकूनच घेत नाहीत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. 'मी असा आहे' हा दावा यात नाही. आपले वर्तन कसे असावे याची दिशा आहे. त्यामुळे खोटेपणाची टोचणी लागत नाही.

पंडित जुगलकिशोर मुख्तार यांची 'मेरी भावना' याच वळणाची. उत्तर प्रदेशातील सरसावा गावचे हे गृहस्थ व्यवसायाने मुख्तार, म्हणजे कोर्टकचेरीत मुरलेले. तो चालता व्यवसाय सोडून ते साहित्यसेवेकडे वळले आणि त्यांनी लिहिलेली ही सोपी रचना पुढे मंदिरांत, पाठशाळांत व घराघरांत रुजली. तीत मागणे आहे ते संपत्तीचे नव्हे, स्वभावाचे. १९७५ मध्ये आचार्य तुलसी यांच्या मार्गदर्शनाखाली मुनी नथमल, म्हणजे पुढचे आचार्य महाप्रज्ञ, यांनी प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली. तीत अनुप्रेक्षेला स्वतंत्र स्थान आहे. शरीर शिथिल करून एक संकल्प आधी उच्चाराने आणि मग केवळ मनाने पुन्हा पुन्हा घ्यायचा. भय, क्रोध, व्यसन यांपैकी ज्याचा ज्याला त्रास, त्याने त्यावरचा संकल्प निवडावा.

दुकानाच्या धबडग्यात अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक सर्वांना रोज साधत नाही, हे मान्य. तरीही शटर उघडताना णमोकार मंत्रानंतर एक वाक्य पुरते. 'आज तगादा करीन, पण आवाज चढवणार नाही.' या वाक्याची कसोटी संध्याकाळपर्यंत आपोआप होते. समोरच्या गाळ्यातील धंदा वाढला की पोटात कालवते. तेथे प्रमोद भावनेचा सराव 'मला मत्सर वाटत नाही' असे म्हणून होत नाही, त्या शेजाऱ्याचा एक गुण मनात नेमका उच्चारल्याने होतो. परीक्षेला निघालेल्या मुलाला 'तू पहिलाच येणार' असे सांगणे म्हणजे त्याच्या खांद्यावर ओझे ठेवणे होय. 'जे येते ते शांतपणे लिही' हे त्याला पेलते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशी कोणाची अवस्था असेल तर मात्र संकल्पाच्या भरवशावर न राहता त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. ते न्यायला लाजू नये, कारण करुणा भावनेत घरची माणसेही येतात.

छत्रपती संभाजीनगरकरांना या भावनांचे शिल्प पाहायला फार दूर जावे लागत नाही. सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी आहेत. तेथे इंद्रसभेत एका बाजूस पार्श्वनाथांवर कमठाचा हल्ला चाललेला आहे, तर दुसऱ्या बाजूस अंगावर वेली चढलेला बाहुबली उभा आहे. एकावर सारे बळ तुटून पडले आहे, दुसऱ्याभोवती सारे स्तब्ध आहे. सहलीला गेलेली कुटुंबे कैलास पाहून थकतात आणि इथवर येतच नाहीत. आली तर छायाचित्र काढून निघतात. मुलांना त्या दोन मूर्तींच्या मध्ये पाच मिनिटे बसवावे आणि दोघांचे चेहरे नीट पाहायला सांगावे.