लोकलहोस्ट
लोकलहोस्ट हे संगणकाने स्वतःलाच संबोधण्यासाठी वापरायचे नाव आहे. त्याचा पत्ता आयपीव्ही४ प्रणालीत सामान्यतः १२७.०.०.१, तर आयपीव्ही६ प्रणालीत ::१ असतो. या पत्त्यावर पाठविलेली माहिती जाळ्यावर न जाता त्याच संगणकात परत येते. १२७ने सुरू होणारे पत्ते संगणकाबाहेर दिसू नयेत, असा नियम १९८९च्या आरएफसी ११२२ या मानकात आहे.

एखादी सेवा केवळ याच पत्त्याशी जोडली, की इतर संगणकांना तिच्याशी थेट संपर्क साधता येत नाही. उदाहरणार्थ, नाशिकमधील एखाद्या ग्रंथालयाचे संकेतस्थळ आणि पुस्तकसूचीचा डेटाबेस एकाच संगणकावर असल्यास डेटाबेस लोकलहोस्टपुरता मर्यादित ठेवता येतो. वाचकांना संकेतस्थळ दिसते. डेटाबेसशी मात्र फक्त संकेतस्थळाचा प्रोग्रॅम बोलतो. याउलट ०.०.०.० हा पत्ता दिल्यास सेवा संगणकाच्या सर्व जाळे-जोडण्यांवर खुली होते.

जानेवारी २०१७मध्ये पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली. त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मूळ मांडणीतच लोकलहोस्टपुरता मर्यादित असतो. तथापि, त्याच संगणकावरील अन्य वापरकर्ते व प्रोग्रॅम अशा सेवेपर्यंत पोहोचू शकतात. त्यामुळे पासवर्डाची गरज संपत नाही.