अर्धशक्ती व्यायाम आणि कॅलरीचा हिशोब

स्थौल्याच्या रुग्णास 'रोज अर्धा तास चाला' एवढे सांगून आम्ही अनेक वर्षे पुढच्या रुग्णाकडे वळत असू. ९० किलो वजनाच्या एका गृहस्थांचे वजन ७८ किलोवर येऊन अडले. पथ्य, औषध, चालणे सारे पूर्ववत. 'वैद्यराज, औषध लागू पडत नाही,' म्हणून ते उपचार सोडण्याच्या बेतात होते आणि आम्हीही गुग्गुळकल्प बदलण्याच्या विचारात होतो. तेव्हा कुठे हिशोब मांडला.

स्वस्थ बसलेल्या माणसास दर किलो वजनामागे ताशी सुमारे १ किलोकॅलरी लागते. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना हा व्यय सव्वातीन ते साडेतीन पट होतो. म्हणजे त्याच अर्ध्या तासात ९० किलोच्या देहाचा व्यय सुमारे १५०, तर ७८ किलोच्या देहाचा १३० किलोकॅलरी. औषध हरले नव्हते. वाहून न्यावयाचे ओझेच घटले होते.

सरावाची गोष्ट निराळी. सवयीने चालण्यातील व्यय फारसा कमी होत नाही. नाडी व श्वास मात्र संथ राहतात आणि अधिक श्रम झेपतात. सुश्रुताचार्यांनी अर्धशक्तीची खूण श्वास मुखावाटे येऊ लागणे ही सांगितली, मिनिटे नव्हेत, हे आम्ही विसरलो होतो. या गृहस्थांस ती खूण आता अर्ध्या तासात येतच नव्हती. त्यांस चढाचा रस्ता सांगितला. दोन महिन्यांत काटा पुन्हा हलला.

औषधविक्रेत्या बंधूंनीही मेदोहर गोळ्यांची दुसरी बाटली देण्यापूर्वी गिऱ्हाइकास एवढे विचारावे, की चालताना धाप लागते का?