थ्री-नॉट-थ्री

थ्री-नॉट-थ्री हे बंदुकीचे नाव नव्हे. ते तिच्या नळीच्या व्यासाचे माप, इंचाचे ३०३ सहस्रांश. खरे नाव ली-एनफील्ड. ब्रिटिश सैन्याने ती १८९५ साली स्वीकारली. पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही ती तयार होऊ लागली.

प्रत्येक गोळीनंतर तिचा बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो. यंत्रणा अशी साधी, म्हणूनच ती इतकी टिकली. १९७९ नंतर सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाणांनी आजोबांच्या काळची हीच रायफल खांद्याला लावली. कलाश्निकोव्हचा नेम तीनशे-चारशे मीटरांपुढे ढळू लागतो. ही मात्र दरीपलीकडच्या कड्यावरील माणूसही टिपी. डोंगरात जुनेच हत्यार सरस ठरले, हे नवलच!

जवळच्या चकमकीत मात्र हिशेब उलटतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती, आणि समोर एके-४७. बोल्ट ओढून दुसरी गोळी भरावी, तोवर समोरून गोळ्यांची फैर येणार! अशा हत्यारानिशी जे उभे राहिले, त्यांच्या धैर्याविषयी बोलले गेले; त्यांच्या हातातल्या रायफलीविषयी त्याहून अधिक बोलायला हवे होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला, तो २०२० साली.