चव आणि दोस्त

धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने. त्यांतल्याच एकात काही वर्षांपूर्वी माझा एक जुना दोस्त भरती होता. औषधांनी त्याच्या तोंडाची चव पार गेली होती. आंबिया बहाराचे दिवस होते. डॉक्टरांना विचारून मी संत्री घेऊन गेलो. सोलून एक फोड त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती तोंडात धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘‘चव नाही लागून राहिली बे. पण आणखी एक दे.’’

चव लागत नसताना त्याने दुसरी फोड का मागितली असेल? घरी परतताना मला इंग्रजीतला एक अडगळीतला शब्द आठवला : ‘डिगस्ट’. बोलण्यात तो जवळजवळ येत नाही. अर्थ असा, की एखादी गोष्ट लक्ष देऊन, सावकाश, तिची चव ओळखत घेणे. आपल्याकडे चाखणे आहे, पण चाखण्यात पारख असते : भाजीत मीठ बरोबर आहे ना, एवढेच पाहायचे. मिटक्या मारण्यात आवाज फार. ‘आस्वाद घेणे’ हा डिगस्टच्या सर्वांत जवळचा.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याहून नेमका शब्द आहे : ‘चर्वणा’. भरताच्या नाट्यशास्त्राने नाटकातल्या रसाची तुलना मसाल्यांनी सिद्ध केलेल्या अन्नाशी केली. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाच्या आस्वादाला चर्वणा म्हटले. चर्वणा म्हणजे चावणे, चघळणे. त्याच धातूचे ‘चर्वितचर्वण’ मात्र आपण नावे ठेवायला वापरतो. फरक कुठे? मुशायऱ्यात चांगला शेर झाला की लोक ‘मुकर्रर!’ म्हणतात, म्हणजे पुन्हा म्हणा. शायर तीच ओळ पुन्हा म्हणतो आणि ती शिळी होत नाही, कारण आता ऐकणारा घाईत नसतो. ही चर्वणा.

आता या शब्दाचे गणगोत पाहा. डिगस्टच्या मुळाशी लॅटिनमधला ‘गुस्तुस’ म्हणजे चव. किळस या अर्थाचा ‘डिसगस्ट’ याच घरातला, चव उलटल्यावरचा. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. निवडणे या अर्थाचा ‘चूज’ याच मूळ धातूचा. संस्कृतातला ‘जुष्’ही त्याचाच, पाणिनीय धातुपाठात त्याचे अर्थ दिले आहेत प्रीती आणि सेवन. आणि प्राचीन इराणच्या भाषेत याच धातूपासून ‘दौश्तर’ झाला. तोच फारसीत ‘दोस्त’ झाला आणि तिथून आपल्या मराठीत येऊन इतका रुळला, की तो बाहेरचा आहे हे सांगावे लागते.

म्हणजे चव घेणे, निवडणे, प्रीती करणे आणि दोस्त ही सगळी एकाच मुळाची पालवी. ज्याचा सहवास रुचतो, तो दोस्त. नाते हे तोंडी लावण्यासारखे नसते, त्याला वेळ द्यावा लागतो. घाईत गिळलेले अन्न काय आणि घाईत घेतलेली भेट काय, दोन्हींची चव कळत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून दोन संत्री संपवली. एक एक फोड, मध्ये गप्पा, मध्ये नुसतेच बसणे. तासभर लागला. चव त्याला लागलीच नाही. तरी डिगस्टचा अर्थ शब्दकोशापेक्षा मला त्या खाटेवर अधिक कळला.

श्रोतेहो, येत्या बहाराला संत्रे सोलाल तेव्हा अर्धे कुणाला तरी द्या आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.